कोकणात नवे कौलारू छप्पर घालताना: उतार, रिपा, कोने आणि पन्हळ

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वर तो सरळ पडत नाही. समुद्रावरचा नैऋत्येचा वारा त्याला आडवा करतो, आणि ज्या सांध्यातून देशावर थेंबही आत येत नाही त्याच सांध्यातून इथे पाण्याची धार लागते. म्हणून पुण्या-मुंबईत काढलेला आराखडा जसाच्या तसा कोकणात आणून बांधला की पहिल्याच आषाढात घरात बादल्या मांडाव्या लागतात.

हा लेख मंगलोरी कौलांच्या नव्या छपराबद्दल आहे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत खाचेने अडकणारे हे कौल पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले आणि कोकणातल्या जुन्या नळ्यांची, म्हणजे अर्धगोल कौलांची, जागा त्याने घेतली. छप्पर गळायला लागले की दोष कौलाला दिला जातो. वर चढून पाहिले तर बहुतेक वेळा कौल शाबूत असते. पाणी शिरलेले असते ते कमी उतारामुळे, रिपांच्या (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) चुकलेल्या अंतरामुळे किंवा कडांमधून. या तीन गोष्टी काम सुरू होण्याआधीच ठरवता येतात, आणि नंतर सुधारायच्या तर छप्पर उतरवावे लागते.

आधी उतार

किनारपट्टीवर उतार ३५ अंश धरा. सुताराच्या भाषेत, आडव्या १० फुटांना ७ फूट चढ. पुस्तकात २६ अंशांपर्यंत (१० फुटांना ५ फूट) चालते असे लिहिलेले आढळेल, पण आडव्या पावसात ३० अंशांच्या खाली जाऊ नका. कारण साधे आहे. वरचे कौल खालच्यावर साधारण साडेतीन इंच चढलेले असते. उतार कमी असला की पाणी हळू वाहते, वारा ते त्या साडेतीन इंचांतून वर ढकलतो आणि रिपेवर सोडतो. सांध्यात शेवाळ साचले की ते पाणी धरून ठेवते आणि हे काम आणखी सोपे होते. उलट ४० अंशांच्या पुढे कौल निसटायची भीती वाढते आणि वाराही जास्त लागतो.

गोची होते ती पडवीला. मुख्य छपराचाच उतार पुढे नेला तर ८ फुटांची पडवी ५.६ फूट खाली उतरते. भिंत १० फुटांची असेल तर पडवीची वळचण (छपराची खालची कड) साडेचार फुटांवर येते, माणसाने वाकूनच आत यावे. जुन्या घरांत लोक वाकत असत. आज कुणाला ते नको असते, म्हणून मिस्त्री पडवीचा उतार २० अंशांवर आणतो आणि घरातली पहिली गळती तिथेच सुरू होते. यावर उपाय दोनच: भिंत आधीच १२ फुटांची धरा, किंवा पडवीवर कौलांखाली पूर्ण पत्रा घाला आणि कौले केवळ शोभेला व उन्हासाठी ठेवा. तिसरा उपाय म्हणून सांध्यांत सिमेंट भरून मिळते, ते करू नका. पहिल्या उन्हाळ्यात ते तडकते आणि पाणी आत कोंडून ठेवते.

छप्पर दुपाखी की चौपाखी, म्हणजे पाखी (उतार) दोन की चार? समुद्राच्या जवळ, उघड्या जागी चौपाखी बरे. पश्चिमेची त्रिकोणी भिंत चार महिने भिजत राहत नाही आणि वाऱ्याला उचलायला उघडी कड मिळत नाही. मात्र चार कोनवाशांवर (कोपऱ्यांतल्या तिरक्या वाशांवर) कौले कापावी लागतात, सांधे वाढतात आणि कारागीर चांगला लागतो. झाडीत, आडोशाला असलेल्या घराला दुपाखी पुरते, फक्त आढे (दोन पाखी मिळतात ती माथ्याची रेषा) शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे पावसाला पाखे सामोरे जाते, भिंत नाही.

किती माल लागेल

उदाहरण घेऊ. घर २० फूट रुंद, ३० फूट लांब, दुपाखी, उतार ३५ अंश. वळचण भिंतीबाहेर अडीच फूट, दोन्ही टोकांना दीड-दीड फूट.

एका पाख्याची आडवी रुंदी १० + २.५ = १२.५ फूट. ३५ अंशांसाठी तिला ०.८२ ने भागा, म्हणजे वाशाची लांबी सुमारे १५ फूट ३ इंच. आढ्याची लांबी ३३ फूट. दोन्ही पाखी मिळून जवळपास १,००० चौरस फूट, मिस्त्रीच्या हिशोबात १० ब्रास. मंगलोरी कौल १०० चौरस फुटांना सुमारे १४० लागते. म्हणजे १,४०० कौले, त्यावर फुटीसाठी आणि पुढच्या दुरुस्त्यांसाठी दहा टक्के. १,५५० मागवा. आढ्यावरचा एक कोना साधारण १३-१४ इंच झाकतो, तेव्हा ३० कोने बसतील, ३४ घ्या.

वजनही आत्ताच पाहा. कौल दोन ते अडीच किलोचे. एवढ्या छपरावर सुमारे ३,३०० किलो कोरडे वजन येते, आणि कौल पाणी पिते त्यामुळे भर पावसात त्यात आणखी पाचशे किलोंची भर पडते. जुन्या हलक्या पत्र्याच्या सांगाड्यावर कौले चढवायचा विचार असेल तर आधी अभियंत्याला दाखवा.

कौल पारखून घेणे

ट्रक दारात येण्याआधी कारखान्यातून किंवा दुकानातून दहा कौले आणा.

बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पक्के भाजलेले कौल खणखणीत वाजते, कच्चे किंवा बारीक तडा गेलेले बद्द वाजते. मग सपाट फरशीवर ठेवा. पाव इंचाहून जास्त डुगडुगत असेल तर ते शेजाऱ्याशी नीट बसणार नाही. दोन-तीन कौले कोरडी वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. २,३०० ग्रॅमचे कौल २,७०० पर्यंत गेले तर ठीक, २,७६० च्या वर गेले, म्हणजे वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी प्यायले, तर तो माल घेऊ नका. असे कौल लवकर शेवाळते, जड होते आणि खालून ओले राहून रिपा कुजवते.

सगळा माल एकाच कारखान्याचा आणि एकाच वेळचा घ्या. दोन कारखान्यांची कौले दिसायला सारखी असतात, पण साच्यातली खाच दोन-तीन मिलिमीटरने वेगळी असते आणि तेवढ्याने कौल उचललेले राहते. जुन्या घराची उतरवलेली कौले स्वस्तात मिळतात, आणि ती बऱ्याचदा नव्यापेक्षा पक्की असतात. ती घ्यायची तर वेगळ्या पाख्यावर लावा, नव्यांत मिसळू नका.

सांगाडा

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: जांभा बोल्ट धरत नाही. भिंतीच्या माथ्यावर सहा इंचांचा काँक्रीटचा पट्टा सगळीकडून फिरवा आणि ओततानाच त्यात १२ मिलिमीटरचे बोल्ट दर चार फुटांवर रोवा. त्या बोल्टांना वॉलप्लेट, म्हणजे वासे टेकतात ते आडवे लाकूड, कसायचे. वासा वॉलप्लेटवर नुसता खिळून भागत नाही. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो, आणि खिळा सरळ वर उपटून येतो. प्रत्येक वाशाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी वळवून बोल्टने आवळा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात छपरे सांगाड्यासकट उडाली. कौले किंवा पत्रे कितीही घट्ट असले तरी सांगाडाच भिंतीला धरलेला नसेल तर उपयोग होत नाही.

लाकूड वापरणार असाल तर साग, आईन, किंजळ, जुना फणस. चार बाय दोन इंचांचे वासे दोन फुटांवर, आणि १५ फुटांच्या वाशाला मध्ये एक तुळई हवीच. लाकूड कापल्यावर, बसवण्याआधी, चारही बाजूंना आणि विशेषतः टोकांना वाळवीचे औषध द्या. काजूच्या टरफलाचे तेल कोकणात पूर्वीपासून लावतात आणि ते चांगले काम करते, पण कातडी भाजते. हातमोजे घाला. पूर्वी चुलीचा धूर वाशांना सुकवत असे आणि कीडही दूर ठेवत असे. गॅसच्या घरात ते संरक्षण नाही, एवढे धरूनच औषधाचा खर्च काढा.

लोखंडी सांगाडा आता जास्त चालतो. वासे बॉक्स पाइपचे, रिपा छोट्या चौकोनी पाइपच्या. रिपेला २५ बाय २५ मिलिमीटरचा पाइप घेतला तर वासे दोन फुटांहून लांब ठेवू नका, कामगाराच्या वजनाने रीप वाकते आणि ती एक वाकली की त्या ओळीतली सगळी कौले फट सोडतात. खारी हवा पाइपला आतून खाते, म्हणून प्रत्येक पाइपचे तोंड पत्र्याच्या तुकड्याने वेल्डिंग करून पूर्ण बंद करा. गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊन निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते आणि गंज तिथूनच सुरू होतो. प्रत्येक सांधा तारेच्या ब्रशने घासा, जस्ताचा रंग द्या आणि मगच वरचे दोन हात. हे काम कौले चढायच्या आधी जमिनीवरच, पाइप आडवे असताना, होते तेवढे चांगले होते. नंतर रिपेची वरची बाजू कुणालाच दिसत नाही.

रीप-अंतर

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. मिस्त्री सवयीने साडेबारा इंच, म्हणजे ३२ सेंटिमीटर सांगतो, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असते. पण अंतर कौलाने ठरते, सवयीने नाही.

आलेल्या मालातली दहा कौले जमिनीवर एका उभ्या ओळीत खाचेत खाच बसवून मांडा. सगळी एकमेकांकडे दाबून पहिल्या कौलाच्या खुंटीपासून (रिपेला अडकतो तो पोटाचा उंचवटा) दहाव्याच्या खुंटीपर्यंत मोजा. मग खाच न सोडता होतील तितकी ओढून पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी काढा आणि नऊने भागा. हे तुमचे रीप-अंतर. अंतर जास्त झाले तर वरचे कौल खालच्याच्या खाचेवर बसत नाही आणि वाऱ्याने आलेले पाणी सरळ आत. कमी झाले तर कौलाचे शेपूट, म्हणजे खालचे टोक, उचलले जाते, ओळ तोंड उघडून बसते.

आता ओळी पूर्ण आकड्यात बसवा. आपल्या उदाहरणात वाशाची लांबी १८३ इंच. साडेबारा इंचांची १४ अंतरे म्हणजे १७५. वळचणीची फळी ते पहिली रीप साडेबारा आणि वर आढ्यापाशी दीड इंच धरले की होतात १८९. वळचण आडवी पाच इंच (वाशाच्या लांबीत सहा) पुढे नेली तर १५ ओळी पूर्ण बसतात आणि एकही कौल कापावे लागत नाही. उलट वासा आधी कापून टाकला असेल तर शेवटची ओळ अर्धवट येते. मग आढ्यापाशी कौल फोडून बसवतात, ते कोन्याखाली लपवतात, आणि त्या रेषेत जन्मभर ओल राहते. वासे कापण्याआधी ही बेरीज करा.

वळचणीच्या पहिल्या रिपेची जागा वेगळी काढावी लागते. एक कौल उलटे धरून खुंटीपासून शेपटापर्यंतचे अंतर मोजा, त्यातून दोन इंच वजा करा. फळीच्या बाहेरच्या कडेपासून तेवढ्या अंतरावर पहिली रीप. ते दोन इंच शेपूट फळीच्या पुढे आले नाही तर पाणी फळीवरून मागे वळते आणि फळी दोन-तीन वर्षांत कुजते. शिवाय पहिल्या ओळीखाली दुसरे कौल नसते, त्यामुळे ती ओळ पुढे झुकते. वळचणीची फळीच पाऊण ते एक इंच उंच ठेवा, म्हणजे सगळ्या ओळी एका पातळीत येतात.

रिपा ठोकताना प्रत्येक ओळ फुटपट्टीने मोजत वर जाऊ नका, चूक साठत जाते. साडेबारा इंचांची एक लाकडी पट्टी कापा, तिने प्रत्येक रीप लावा आणि दर पाच रिपांनी खालपासूनचे एकूण अंतर टेपने तपासा.

कौले चढवणे

१. दोन्ही पाख्यांवर माल सारखा चढवा. सगळी कौले एका पाख्यावर रचली तर सांगाडा एका बाजूला ढकलला जातो.

२. आढ्यापासून वळचणीपर्यंत दोन टोकांना आणि मध्ये दर दहा कौलांनी दोरी ताणा. दोरी वळचणीशी काटकोनात आहे का ते ३-४-५ च्या त्रिकोणाने पाहा. जुन्या-नव्या बांधकामात भिंती क्वचितच काटकोनात असतात, तो फरक टोकाच्या कडेला घ्यायचा, मध्ये नाही.

३. कौल हातात घेऊन कडेची खाच कोणत्या बाजूला आहे ते पाहा. सुरुवात अशा टोकापासून करा की पुढचे कौल आधीच्याच्या उघड्या खाचेवर चढेल.

४. खालून वर, तीन-चार कौलांच्या उभ्या पट्ट्यांत जा. खुंटी रिपेला टेकली की कौल हलकेच खाली ओढा आणि बसले का ते पाहा. दाबून, ठोकून बसवावे लागत असेल तर ते कौल बाजूला काढा.

५. कौलाच्या पोटाला भोक असलेली खुंटी असते. वळचणीच्या खालच्या दोन ओळी, आढ्याखालची एक आणि दोन्ही टोकांच्या उभ्या ओळी तारेने रिपेला बांधा. पश्चिमेच्या पाख्यावर मधलेही दर तिसरे कौल बांधा. लाकडी रिपेवर तांब्याची तार, लोखंडी रिपेवर स्टेनलेस स्टीलची. साधी बांधणीची तार खाऱ्या हवेत फार टिकत नाही. बाकीची कौले मोकळीच राहू द्या, म्हणजे एखादे फुटले तर आतून वरचे सरकवून बदलता येते.

६. उजेडासाठी काचेची कौले याच वेळी, त्याच साच्याची, जागच्या जागी घाला. नंतर छपराला भोक पाडून खिडकी करणे म्हणजे गळतीला आमंत्रण. सोलर बंबाचे पाय आणि पाण्याचे पाइपही कौलांतून काढू नका, त्यांना स्लॅबचा तुकडा किंवा वेगळा मनोरा द्या.

कडा

आढ्यावर कोने बसवताना मसाला १ भाग सिमेंट, ४ ते ५ भाग चाळलेली वाळू, थोडा चुना. सिमेंट वाढवले म्हणजे मजबूत होते हा गैरसमज आहे. जास्त सिमेंटचा मसाला आकसून तडकतो आणि केसाएवढ्या तड्यातून आढे ओले होते. कोने आणि कौले दोन्ही आधी पाण्यात भिजवा, नाहीतर ती मसाल्यातले पाणी ओढून घेतात. मसाला फक्त दोन्ही कडांखाली, मध्ये पोकळ. आणि तो कोन्याच्या कडेपासून अर्धा-पाऊण इंच आत ठेवा. बाहेर आलेला, करणीने गुळगुळीत केलेला मसाला दिसायला छान असतो, पण कोन्यावरून आलेले पाणी त्यावर थांबते आणि खाली मुरते. कोन्यांची सुरुवात पूर्व किंवा उत्तरेच्या टोकाने करा, म्हणजे चढण (एका कोन्यावर दुसरा चढतो तो सांधा) वाऱ्याकडे उघडी राहत नाही. मसाला सात दिवस पाणी मारून ओला ठेवा. मे महिन्याच्या उन्हात हे टाळले तर पहिल्या सरीलाच तडे दिसतात.

दोन पाखी आत वळून मिळतात ती व्हॅली. एल आकाराच्या घरात ती टळत नाही. शक्य असेल तर घराचा आकारच सरळ ठेवा, व्हॅली नसलेले छप्पर निम्मी चिंता कमी करते. घालायचीच तर खाली अखंड फळी, वर दोन फूट रुंद ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पत्रा. दोन्ही कडा इंचभर उभ्या दुमडा. खिळे त्या दुमडीच्या बाहेर, पत्र्यातून नाही. दोन्ही बाजूंची कौले पत्र्यावर किमान चार इंच आली पाहिजेत आणि मध्ये पाच इंचांची वाट मोकळी हवी. वाट अरुंद ठेवली तर आंब्या-फणसाची पाने अडकतात, पाणी तुंबते आणि कौलाखालून घरात येते. साधा जस्ती पत्रा इथे वापरू नका, तो सर्वांत आधी गंजतो आणि गंजलेला कळायला पाऊसच यावा लागतो.

छप्पर भिंतीला टेकते तिथे मिस्त्री सिमेंटचा वाटा (सांध्यावर थापलेला तिरका थर) मारून मोकळा होतो. लाकूड किंवा लोखंड उन्हापावसात हलते, भिंत हलत नाही, आणि वाटा दोघांमध्ये फाटतो. त्याऐवजी भिंतीत इंचभर खोल आडवी खाच मारा, पत्र्याची पट्टी खाचेत घालून सहा इंच भिंतीवरून उतरवा आणि कौलावर पुढे आणा. खाच सीलंटने भरा. पट्टी कौलाला चिकटवायची नाही.

कौलाखाली काय घालावे

जुन्या घरांत कौलाखाली काहीच नसे. फटींतून वारा खेळे आणि भिजलेले लाकूड तासाभरात सुके. जोराच्या झडीत बारीक तुषार आत येत, ते सोडून दिलेले असत. ते नको असतील तर दोन बरे मार्ग आहेत. एक, त्याच रिपांवर आधी सिलिंगचे कौल आणि वर मंगलोरी. खालून सुंदर दिसते, घर थंड राहते, पण वजन बरेच वाढते. दुसरा, वाशांवर वाफ जाऊ देणारा पडदा, त्यावर वाशाच्या रेषेत इंचभर जाडीची उभी पट्टी, आणि तिच्यावर आडव्या रिपा.

ती उभी पट्टी गाळणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर. पडद्यावर सरळ रिपा ठोकल्या तर आत आलेले पाणी प्रत्येक रिपेच्या मागे अडते, आणि चार पावसाळ्यांत रिपा मऊ होतात. काळे प्लास्टिक किंवा ताडपत्री तर घालूच नका. खालून येणारी वाफ तिच्यावर जमते आणि कोरड्या दिवशीही छत ठिबकते.

पन्हळ हवी का

अडीच-तीन फुटांची वळचण असेल आणि जोत्याभोवती खडी भरलेली दीड फुटाची चर असेल तर पागोळ्या सरळ पडू द्याव्यात. झाडांनी वेढलेल्या घराला पन्हळ म्हणजे पानांची पेटी. दारावर, वाटेवर आणि पाणी साठवायचे असेल तिथेच ती लावा.

आपल्या एका पाख्याचे जमिनीवरचे क्षेत्र ३८ चौरस मीटर. ताशी १०० मिलिमीटर पावसात त्यावरून मिनिटाला ६४ लिटर पाणी उतरते, आणि कोकणात याहून मोठ्या सरी येतात. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. सहा इंची पन्हळ, ३३ फुटांत तीन इंच ढाळ, दोन टोकांना चार इंची उतरते पाइप, आणि दर दोन फुटांवर पकड. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. तुंबलीच तर पाणी अंगणात सांडेल, भिंतीत नाही. वरच्या छपराचा पाइप पडवीच्या कौलांवर सोडू नका, एका जागी पडणारी धार सांध्यातून आत घुसते. तो जमिनीपर्यंत न्या.

पत्रा घालणाऱ्यांसाठी थोडक्यात

वानरांचा उपद्रव फार असेल तर लोक कौले सोडून पत्र्याकडे वळतात, आणि ते चुकीचे नाही. ॲल्युमिनियम-झिंक लेपाचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या, लेप चौरस मीटरला १५० ग्रॅमचा आहे का ते बिलावर लिहून घ्या. लाटांचा तुषार येणाऱ्या जागी ॲल्युमिनियमचाच पत्रा टिकतो. पत्रे वाऱ्याच्या आडोशाच्या टोकापासून टाकत वाऱ्याकडे या, म्हणजे चढणीचे तोंड पावसाकडे राहणार नाही. स्क्रू पन्हाळीत नाही, माथ्यावर, रबरी वायसरसह. वायसर किंचित दबला की थांबा, पिळून फाटलेला वायसर पहिल्याच वर्षी गळतो. कडेला प्रत्येक माथ्यावर स्क्रू, मध्ये एकाआड एक. ड्रिलचा लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी झाडून काढा, रात्रभरात गंजून तो पत्र्याला डाग पाडतो. या पत्र्याला ओले सिमेंट लागू देऊ नका आणि वर तांब्याचा पाइपही टेकवू नका, दोन्हींनी लेप खाल्ला जातो. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढायचे असतील तर पाणी मारून, न फोडता, ग्राइंडर न लावता उतरवा, आणि त्यांच्यावर पाय कधीच देऊ नका.

शाकारणी

काम कितीही चांगले झाले तरी दरवर्षी एकदा छप्पर पाहावे लागते. मृगाच्या आधी म्हणून जूनपर्यंत थांबू नका. तौक्ते वादळ २०२१ मध्ये मेच्या मध्यालाच कोकण किनाऱ्यावरून गेले. एप्रिल अखेर ही मर्यादा धरा.

वर जाताना आढ्याला अडकणारी शिडी वापरा, कौलांवर फळी टाका. पाय द्यायचाच तर जिथे वरचे कौल खालच्यावर चढते आणि खाली रीप असते तिथे, कौलाच्या मध्यावर नाही. कंबरेला दोर बांधा, आणि पहिला पाऊस पडून गेला असेल तर चढू नका. शेवाळलेले ओले कौल पाय ठरू देत नाही.

शेवाळ सुके असताना काथ्याच्या ब्रशने खरवडा. जोराच्या पाण्याचे यंत्र वापरल्यास कौलाची भाजलेली साय निघते आणि पाणी सांध्यांतून आत जाते. तडकलेली कौले बदला, डांबर किंवा सिमेंट थापून जगवू नका. कोन्यांचे तडे, व्हॅलीतली पाने, तारा, वळचणीची फळी एवढे पाहा. छपरावर आलेल्या फांद्या मागे कापा: नारळ पडणे आणि वानरांची उडी ही कौले फुटण्याची मुख्य कारणे आहेत.

गळती शोधताना ठिबकते त्या जागेच्या वर पाहू नका, चढाच्या दिशेने पाहा. पाणी आत शिरल्यावर रिपेवरून किंवा वाशावरून चार-पाच फूट वाहत येऊन मग पडते. पाऊस चालू असताना आतून टॉर्च मारून ओली रेघ जिथे सुरू होते तिथे खडूने खूण करा. दिवसा फटीतून उजेड दिसतो म्हणजे गळते असे नाही, कडेच्या खाचेतून थोडा उजेड दिसतोच. भर पावसात कौल फुटले तर आतून वरचे कौल किंचित उचलून फुटक्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवा आणि उघडीप मिळेपर्यंत राहू द्या.

उरलेली शंभरेक कौले उभी, एकमेकांना टेकवून, पडवीच्या कोपऱ्यात विटांच्या थरावर ठेवा. आडवी रचली तर खालची फुटतात आणि मध्ये विंचू होतात. चार-पाच कोनेही त्यातच ठेवा. कारखान्याचा साचा बदलला तर पुढे हीच कौले कामी येतील.